पालकांचं मत घ्यायचं: फॉर्म भरून की समोर बसून?

मुलींच्या शाळेची पुढच्या पाच वर्षांची दिशा पालकांना विचारून ठरवायची, इथवर बहुतेक शाळांत एकमत होतं. अडतं ते विचारायचं कसं यावर. सगळ्यांच्या मोबाइलवर प्रश्नावली पाठवायची, की दहा-बारा पालकांना एकत्र बसवून बोलतं करायचं? माझ्या मुलीच्या शाळेत मी पालक प्रतिनिधी म्हणून या कामात होतो. आम्ही आधी फॉर्म काढला, तो पुरेना म्हणून बैठका घेतल्या. दोन्हींत मनापासून वेळ घातलाय, त्यामुळे एकाला सरसकट नावं ठेवणार नाही. पण माझा कल बैठकीकडे आहे आणि तो का, ते सांगतो.

आधी फॉर्मचं श्रेय फॉर्मला. रात्रपाळी करणारे बाबा, घरी तान्हं बाळ असलेली आई, चारचौघांत तोंड उघडायला संकोचणारे पालक, या सगळ्यांना त्याच्यामुळे जागा मिळते. नाव न लिहिता फीबद्दल तक्रार करता येते. ज्या प्रश्नाचं उत्तर मोजण्यातच आहे, तिथे तर फॉर्मला तोड नाही: शाळा सुटल्यावर किती मुली खेळासाठी थांबू शकतील, घरी पोचायला किती वेळ लागतो, वरचे वर्ग सुरू केले तर किती जण मुलीला इथेच ठेवतील. हे विचारायला बैठक घेणं म्हणजे सगळ्यांचा वेळ वाया घालवणं.

आमचं घोडं अडलं ते एका वाक्यापाशी.

'शाळेने मुलींच्या सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य द्यावे.' खाली पाच पर्याय, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. जवळजवळ सगळ्यांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. व्यवस्थापन खूश झालं, मीही झालो. पालक एका सुरात काही सांगतायत म्हटल्यावर दिशा ठरलीच की!

पुढे पहिल्या बैठकीत मी हाच विषय काढला आणि सुरक्षितता म्हणजे नेमकं काय हवंय, असं विचारलं. एक बाबा म्हणाले, "मुक्कामाच्या सहली बंद करा. स्पर्धेसाठी बाहेरगावी पाठवू नका. शाळा सुटली की मुलगी थेट घरी." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तोवर गप्प बसलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "माझी मुलगी शाळेत पाणीच पीत नाही. बाटली नेते तशी भरलेली परत आणते. स्वच्छतागृहाची कडी लागत नाही, मैत्रिणीला दाराबाहेर उभं करावं लागतं. पाळीच्या दिवसांत तर ती घरीच राहते म्हणते." जरा थांबून त्यांनी आणखी सांगितलं, "पण सहली बंद करू नका हो. चार दिवस घराबाहेर राहायला ती दुसरीकडे कुठे शिकणार?"

मी दोघांनाही विचारलं, तुम्ही फॉर्म भरला होता का? भरला होता. खूण? दोघांचीही 'पूर्ण सहमत'वर.

एकाला मुलीभोवतीचं कुंपण आवळायचं होतं आणि दुसरीला मुलीचा वावर सुखाचा करून तिला बाहेर पाठवायचं होतं. आमच्या तक्त्यात मात्र दोघं एकाच रकान्यात, खांद्याला खांदा लावून. मुलांच्या शाळेत हा शब्द कदाचित इतका नडला नसता. मुलींच्या शाळेत 'सुरक्षितता' या एका शब्दाखाली दोन उलट दिशा राहतात, आणि आम्ही तर नेमकी दिशाच ठरवायला निघालो होतो. त्या दिवसापासून फॉर्मवरचा माझा विश्वास डळमळला तो डळमळलाच.

खरं तर यात पद्धतीपेक्षा आमची चूक जास्त. ही सहमती-असहमतीची पायऱ्यांची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. तिच्यात एकाच विषयावर अनेक विधानं द्यायची आणि सगळ्यांची बेरीज बघायची, अशी मूळ कल्पना आहे. आम्ही एकाच विधानावर सगळा भार टाकला, तोही असा की कुणी 'नाही' म्हणूच शकणार नाही. 'विज्ञान आणि खेळ यांवर अधिक भर द्यावा का?' हाही प्रश्न आम्ही असाच एका पिशवीत दोन वस्तू कोंबून विचारला होता. असे प्रश्न सुधारता येतात, हे मान्य. तरीही माझं म्हणणं उरतंच: वाक्य चुकलंय, हे फॉर्म स्वतःहून सांगत नाही. समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

आणखी एक खटकलेली गोष्ट. फॉर्म घरटी एक होता. म्हणजे शाळेत ज्याचा नंबर नोंदवलेला, मत त्याचं. बैठकीत "मला फॉर्म आल्याचं माहीतच नव्हतं" म्हणणाऱ्या आया मला वारंवार भेटल्या. मुलीचा डबा, दप्तर, पाळी, मैत्रिणींमधली भांडणं हे सगळं जिच्यापाशी येतं, तिचं मत मुलींच्या शाळेनंच गमवावं, हे फार वाईट वाटलं. फॉर्म काढणारच असाल तर आई-वडिलांना वेगवेगळा पाठवा.

'शाळा मुलामुलींची एकत्र करावी का?' हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक मुलींच्या शाळेपुढे येतो. फॉर्मवर याचं उत्तर हो-नाहीचं गणित होतं आणि ज्याची बाजू हरते तो दुखावतो. शिवाय निकालाच्या आकड्यांवर हा वाद मिटत नाही. २०१४ साली २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या नेटक्या तुलनांमध्ये मुलींची वेगळी शाळा आणि एकत्र शाळा यांतला फरक नगण्य किंवा अगदी थोडा निघाला. मग पालक इथे मुलीला का घालतात, हे कारणच महत्त्वाचं ठरतं, आणि कारण रकान्यात मावत नाही. आमच्या बैठकीत एका आईनं सांगितलं, "आधीच्या शाळेत ती शेवटच्या बाकावर बसायची. इथे प्रयोगशाळेत उपकरण तिच्याच हातात असतं." शाळेनं पुढे काय जपायचं, हे मला या दोन वाक्यांत जितकं कळलं तितकं तक्त्यांत कळलं नव्हतं.

बैठकीचे दोष मात्र नीट समजून घ्या, नाहीतर तीही फसते. मोठ्या आवाजाचा एक माणूस सगळा वेळ खातो. आमच्या दुसऱ्या बैठकीत तसंच झालं, बाकीचे घड्याळ बघत बसले. यावर १९७१ मध्ये डेलबेक आणि व्हॅन दे व्हेन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी मांडलेली रीत आम्हाला उपयोगी पडली: आधी प्रत्येकानं गप्प बसून आपापल्या कागदावर मुद्दे लिहायचे, मग पाळीपाळीनं एकेक मुद्दा सांगायचा, सगळ्यांचे फळ्यावर आले की मगच चर्चा. ताई-दादा, साहेब, कुणीही असो, आपला नंबर आल्यावरच बोलायचं. लिहिणं जमत नसेल त्यांच्या शेजारी बसून आम्ही लिहून घेतलं.

मुख्याध्यापिका बाई खोलीत असल्या की पालक गोड बोलतात, म्हणून त्यांनी स्वतःहून बाहेर थांबायचं ठरवलं. याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. बोललेलं बाहेर जाईल पण कोण बोललं ते जाणार नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाकायचा. आणि टिपणं घेताना पालकांचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे. 'कडी लागत नाही' याचं इतिवृत्तात 'भौतिक सुविधांत सुधारणा अपेक्षित' झालं की कडी तशीच राहते.

मेहनत जास्त पडते, हे खरंच. आमच्या सहा बैठका झाल्या, दोन संध्याकाळी उशिरा ठेवल्या, तरी काही पालकांपर्यंत पोचता आलं नाही. शाळा फार मोठी असेल आणि हाताशी माणसं कमी असतील, तर नुसत्या फॉर्मवर भागवावं लागेल. त्याला माझी हरकत नाही. पण थोडीही सवड असेल तर मी आधी बैठका घेईन, आणि मोजायचंच असेल तर बैठकीत आलेल्या शब्दांतूनच फॉर्म तयार करीन. आमचा क्रम उलटा होता. मुलींनाही आम्ही सगळ्यात शेवटी विचारलं, याची मला आजही चुटपुट आहे. आपल्याशी संबंधित गोष्टीत मत मांडण्याचा हक्क मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनं दिलेला आहे, आणि शाळा तर त्यांचीच.

दुसऱ्या खेपेला आम्ही फॉर्म काढला तेव्हा त्यातून 'सुरक्षितता' हा शब्द काढून टाकला. त्याजागी सुटे प्रश्न घातले. तुमची मुलगी शाळेत स्वच्छतागृह वापरते का? नसेल तर का? मुक्कामाच्या सहलीला तुम्ही तिला पाठवाल का? कोणत्या अटीवर? शेवटच्या प्रश्नाखाली आम्ही पाच ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. बऱ्याच जणांनी त्या भरून समासातही लिहिलं.