भाड्याने जागा घेताय? नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर जाऊ नका

2022 मध्ये मी आणि माझ्या मेव्हण्याने पुण्यापासून तासाभरावर हॉटेलसाठी वीस गुंठे जागा भाड्याने घेतली. पाच वर्षांची बोली, डिपॉझिट चार लाख. पत्र्याची शेड, किचन, टॉयलेट सगळं आधीचंच बांधलेलं. मी विचारलं, अण्णा, जागा एनए (बिगरशेती) आहे ना? तर मालकाने घरपट्टीची पावती आणि पंचायतीचा नमुना आठ (घरपट्टी आकारणीचा उतारा) पुढे केला, म्हणाला पंचायत टॅक्स घेते म्हणजे अधिकृतच की. मला पटलं आणि तिथेच आम्ही फसलो, कारण पंचायत विनापरवाना बांधकामालाही घरपट्टी लावते, ती फक्त कराची आकारणी असते, बांधकामाची परवानगी नाही. हे मला चार लाख गेल्यावर कळलं.

करारही पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. एक वर्षावरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, पण एजंट म्हणाला उगाच स्टॅम्प ड्युटी कशाला भरताय, आणि आम्ही पण ऐकलं. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती की सर्व शासकीय परवानग्यांची जबाबदारी भाडेकरूची राहील, ती मी वाचली होती पण मला वाटलं फूड लायसन्सबद्दल असेल.

सात-आठ महिने धंदा बरा चालला. मग खालच्या अंगाच्या शेतकऱ्याने तक्रार केली की ओढ्याला घाण येते, जनावरं पाणी पीत नाहीत. मी त्याच्यावरच चिडलो, कारण मालकाने सेप्टिक टँक आहे म्हणून सांगितलेलं, मागे सिमेंटचं झाकण पण दाखवलेलं. ग्रामसेवक पाहणीला आले, त्यांनी नीळ मागवली, बादलीत कालवून टॉयलेटमध्ये ओतायला लावली आणि आम्ही सगळे ओढ्यावर जाऊन उभे राहिलो. पाच-सात मिनिटात घाणेरीच्या झुडपाखालच्या चार इंची पाईपातून निळं पाणी यायला लागलं. नंतर ते झाकण उचललं तर खाली नुसता चेंबर, ना टाकी ना शोषखड्डा. तो शेतकरी काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता, ते अजून डोळ्यासमोर येतं. इतके महिने आम्ही त्याच्या पाण्यात घाण सोडत होतो आणि त्यालाच खोटं ठरवत होतो.

त्यानंतर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस आली, जमीन शेती झोनमध्ये, बांधकाम अनधिकृत, काढून टाका. मालक म्हणाला वापर तुमचा, तुम्हीच बघा. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि जे कागद मिळाले ते बघून हातपाय गार पडले. आमच्या कराराच्या आधी आठ महिने मालकाला हीच नोटीस बजावलेली होती, खाली त्याची सही. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आणि मला राग ऑफिसचाही येतो, नोटीस देऊन फाईल आठ महिने कपाटात ठेवली, जागेवर साधा बोर्ड लावला असता तरी आम्ही वाचलो असतो.

पोलीस म्हणतात दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. वकील लावलाय, तारखा चालू आहेत, डिपॉझिटमधला एक रुपया आलेला नाही.

तुम्ही कुठेही जागा घेत असाल तर गट नंबर घेऊन नगररचना ऑफिसमधून झोन दाखला स्वतः काढा, एनए ऑर्डर आणि मंजूर नकाशा मागा, मालकाने दिलेली झेरॉक्स नको. त्या गट नंबरवर आधी नोटीस गेलीय का हे माहिती अधिकारात विचारा, महिना लागला तर लागू दे. आणि टॉयलेटचं पाणी कुठे जातं ते टाकी उघडून बघा, झाकणावर विश्वास ठेवू नका.

शेड अजून तशीच उभी आहे. मागच्या आठवड्यात तिथून गेलो तर आमचा बोर्ड काढून "हॉटेलसाठी जागा भाड्याने देणे आहे" असा नवीन फ्लेक्स लावलाय. त्या भागात कोणी ओढ्याकाठची तयार शेड बघत असेल तर आधी मला मेसेज करा, नोटिशीची कॉपी पाठवतो.