कारखान्यातली जुनी शिलाई मशीन घरी आणली, त्याला साडेसहा महिने झाले

दिवाळीच्या तोंडावर अमरावतीहून एका सुईची जुनी मशीन आणली, टेबलासकट. ११,५०० रुपये, तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत टेम्पोचे ८०० वेगळे. आमच्याकडे अशा सगळ्याच मशीनला जुकी म्हणतात, हिच्यावर नाव भलतंच आहे.

खरं तर मला मशीन नको, नोकरी पाहिजे होती. लग्नाआधी पाच वर्षं मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत लाइनवर होते, शर्टाच्या कॉलरवर. मग नऊ वर्षं घर, दोन पोरं, सासऱ्यांचं दुखणं. २०२५ ला सोयाबीन पावसानं नेलं. ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत निघालं, मग बाहेरच्या कापसापुढं व्यापारी भावाचं नाव काढेनात. त्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव क्विंटलमागं ८,११० होता, पण ओलावा १२ टक्क्यांवर भरला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेत नाही, मग द्या खासगीत.

म्हणून एका युनिटात गेले. सुपरवायझरनं कॉलरचे तुकडे दिले, घड्याळ लावलं. पहिल्या दोन कॉलरी वाकड्या गेल्या, तिसरीपासून हाताला आठवलं. "हात चांगला आहे ताई," तो म्हणाला, "पण अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हापासून ऑर्डरच अडकल्या. आहेत त्याच बायकांना आठवड्यातून चार दिवस बोलावून राहिलो. नंबर ठेवून जा." ठेवला. अजून फोन नाही. विश्वकर्मा योजनेत शिंप्याला १५ हजारांचं टूलकिट आहे, पण ते आधीपासून स्वतःचा धंदा करणाऱ्यांना. मी तर घरी बसलेली.

आता मशीनबद्दल. सोबत आली ती क्लच मोटर. बटण दाबलं की पाय ठेवा न ठेवा, घरघरत राहते. सासूबाई म्हणाल्या, "शिलाईची मशीन आनली का पिठाची चक्की वं?" बिलही महिन्याला दीडशेनं वाढलं. डिसेंबरात २,८०० घालून सर्वो मोटर बसवली. पाय दाबला तरच फिरते, स्पीड बांधून ठेवता येते. पहिल्याच दिवशी सर्वोवाली घ्यायला पाहिजे होती. मात्र एप्रिलात गावभर कूलर सुरू झाले आणि संध्याकाळचं व्होल्टेज पडलं की सर्वोचा बॉक्स बंद. क्लच मोटर रडतखडत का होईना चालायची. आता महत्त्वाचं काम सकाळीच उरकते.

दुकानदारानं शटल, म्हणजे खालचा दोरा गुंफणारा भाग, नवीन टाकलंय असं सांगितलं होतं. पंधरा दिवसांत टाके सुटायला लागले. मेकॅनिकनं सुई-शटलचं टायमिंग बसवून दिलं, ३०० घेतले, आणि शटल जुनंच निघालं. तेलाचंही लक्षात ठेवा. चुलत जावेच्या पांढऱ्या ब्लाउजवर ठिपका पडला. पावडर चोळून रात्रभर ठेवला तर निघाला, पण तिनं पैसे दिले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. तेव्हापासून रोज आधी चिंधीवर टीप मारते, मगच गिऱ्हाइकाचा कपडा सुईखाली घेते.

मशीन घेतली ती ब्लाउजच्या भरवशावर. आलं काय? जीन्सच्या चेनी, शाळेच्या दप्तराचे पट्टे, मोठ्याची पँट लहान्याला. वेचणीच्या दिवसांत आठवडाभर नुसत्या कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओट्या शिवल्या, जुन्या साडीच्या, २० रुपयाला एक. यंदा नवीन कपडा घेतो कोण, आहे तेच ओढूनताणून वापरून राहिले सगळे. वहीत नोव्हेंबरचे १,४२० आहेत, मार्चचे लग्नसराई धरून ५,९६०, आणि त्यातलंही निम्म्याहून जास्त काम आल्टरचंच, म्हणजे जुने कपडे दुरुस्त करायचं. गुंतवलेले पैसे मार्चअखेर कसेबसे निघाले, दोरा-सुया धरल्या तर अजून निघायचे आहेत.

आल्टर म्हणजे जाड काम, आणि तिथं ही मशीन खरी कामाची. घरची पायमशीन जीन्सवर अडायची. जीन्सच्या पायाला शिवणीचा जोड येतो तिथं सहा-सात थर होतात, सुई तुटते तिथंच. मी तो जोड आधी वरवंट्यानं ठोकते, १८ नंबरची सुई लावते आणि तेवढे चार टाके हातानं चाक फिरवून घेते. जानेवारीपासून एकच सुई तुटली.

तुमच्याकडे नुसतं फॉल आणि ब्लाउजचं काम असेल तर एवढी जड मशीन घेऊ नका, घरगुतीला मोटर लावली तरी भागतं. आणि जुनी घ्यायला जाल तेव्हा घरची एक फाटकी जीन्स पिशवीत टाकून न्या. दुकानातच त्या जोडावरून टीप मारून पाहा. मी नेली नव्हती.