भोवत्यांच्या गणनेसाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण

वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ परिसराच्या माळरानांवर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्यांच्या गणनेसाठी मी ही मध्यम किमतीची, आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण घेतली. हे पक्षी दिवस मावळताना गवतात, जमिनीवरच रातथाऱ्याला उतरतात. त्यामुळे मोजणीची खरी वेळ अंधुक उजेडाची असते आणि तेव्हा डोळ्यापर्यंत पोहोचणारा सुमारे ५.२५ मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत फार उपयोगी पडतो. १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटरवर येतो, शिवाय हाताची थरथरही अधिक जाणवते. माँटेग्यू भोवत्याच्या नराला पॅलिड या दुसऱ्या जातीच्या भोवत्याच्या नरापासून वेगळी ओळख देणारी पंखावरची काळी आडवी पट्टी या दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. माद्यांचे तसे नाही: मानेभोवतीचा फिकट पट्टा नीट दिसण्यापूर्वीच पक्षी गवतात शिरलेला असतो, म्हणून त्यांची नोंद ‘अनिश्चित’ या रकान्यात करणेच प्रामाणिकपणाचे ठरते (आणि याला महागडी दुर्बीणही फारसा उपाय नाही). तुरीच्या धुऱ्यावर उभे राहून काम करताना फोकसच्या चाकात धूळ शिरते व ते जड फिरू लागते. सोबत मिळणारा गळपट्टा तर अगदीच सुमार असून मानेला काचतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा.