कॉलेजची घोडेस्वारी: आयएचएसए की एनसीईए?

अमेरिकी कॉलेजात घोडेस्वारी करायची, तर मुख्यतः दोन दारं आहेत. आयएचएसए (इंटरकॉलेजिएट हॉर्स शोज असोसिएशन) ही कॉलेजांमधल्या स्पर्धांची संघटना १९६७ पासून चालू आहे आणि तिथे रिकिबीत कधी पाय न घातलेल्यालाही जागा मिळते. अगदी नवख्यांपासून ओपनपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत, गट आहेत. पहिल्या नंबराला ७ गुण, दुसऱ्याला ५. ते साठवत वर सरकायचं. मुलं-मुली एकत्रच उतरतात. खरी गंमत घोड्याची! तो चिठ्ठी टाकून मिळतो आणि सरावाची फेरीही न मारता थेट रिंगणात जायचं. घरी लाखमोलाचा घोडा असला तरी इथे त्याचा उपयोग नाही, हे मला फार आवडतं.

दुसरं दार एनसीईए (नॅशनल कॉलेजिएट इक्वेस्ट्रियन असोसिएशन), फक्त मुलींसाठी. तिथे नवख्यांचे गट नाहीत. मुलगी आधीच तयारीची हवी, पण शिष्यवृत्ती मिळू शकते. दोन संघांतल्या दोघी एकाच घोड्यावर आळीपाळीने बसतात, सरावाला मिनिटं ४. जास्त गुण जिचे, तिच्या संघाला एक गुण. प्रकार चार: सपाटीवरची स्वारी, अडथळे, हॉर्समनशिप (काउबॉय पद्धतीची नेमकी, ताब्यातली स्वारी), रेनिंग (त्याच पद्धतीत वेगाने गिरक्या घेणं, घसरत थांबणं).

पुण्या-मुंबईत वर्षभर क्लास करून गेलेल्यांनी सरळ आयएचएसएचं दार ठोठवावं.