तारीख आतल्या बाजूला गेली आणि मी फसलो

माझी जुनी फॉर्च्युनर फोर बाय फोर रिकामी असतानाच जवळपास दोन टनांची आहे. वेल्ह्याहून केळद, मढे घाटाकडे सारखं जाणं असतं, म्हणून मे २०२४ मध्ये ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर घ्यायचं ठरवलं. एका दुकानदाराने टायरमागे चार हजार कमी सांगितले. मी डोळे मिटून घेतले नव्हते. माप २६५/६५ आर १७ बरोबर होतं. लोड इंडेक्स ११२, म्हणजे एक टायर ११२० किलो भार पेलतो, तोही पाहिला. नक्षी खोल, रबर काळंभोर, वर कंपनीचं लेबल. चारही बसवून घेतले.

जूनमध्ये केळदच्या रस्त्याला मागचं डावं चाक धडधडायला लागलं. मुलं मागे बसलेली. उतरून पाहिलं, तर नक्षीचा हातभर पट्टा सुटून लोंबत होता.

वेल्ह्यातल्या पंक्चरवाल्या काकांनी चाक उतरवून उलटं केलं आणि आतल्या बाजूच्या लंबगोल चौकटीवर बोट ठेवलं. ३४१७. म्हणजे टायर बनला तो २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. उरलेल्या तिन्ही टायरांवर हेच. पुसून पाहिलं तेव्हा पॉलिशखालून केसासारख्या चिरा दिसल्या.

बऱ्याच टायरांवर तारखेचे हे चार आकडे एकाच बाजूला असतात. दुकानदाराने चारही टायरांची ती बाजू आत घातली होती. वापर नसला तरी हवा, ऊन आणि उष्णतेने रबर कडक होत जातं. नक्षी मात्र तशीच खोल राहते, म्हणून नुसती नक्षी पाहून काही कळत नाही. टायर रिमवर चढण्याआधी हातात घ्या, दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसा, आकडे वाचा, फोटो काढा. मग तारखेची बाजू बाहेर ठेवून बसवायला सांगा. एखाद्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर तीच बाजू बाहेर हवी. तेव्हा फोटो तरी हवाच.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या. माझ्याकडे कच्ची पावती होती. ‘आमचा मालच नाही,’ एवढंच ऐकायला मिळालं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण टायर त्याच दुकानातले हे दाखवायला हातात काही नव्हतं.

उरलेले तीन टायर अंगणात पडले होते. परवा एकाने पिकअपसाठी मागितले, पैसेही देत होता. मी नाही म्हटलं आणि त्याच्यासमोरच तिन्हींच्या साइडवॉल, म्हणजे बाजूच्या भिंती, कापून टाकल्या.