वापरलेल्या डिस्कला अत्तरासारखा वास येत असेल तर घेऊ नका

अमेरिकेत डिस्क गोल्फ खेळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. आमचे पैसे निम्मे-अर्धे तरी परत मिळाले, पण वापरलेल्या डिस्क विकताना ज्या माणसाने आम्हाला फसवलं तो अजून विकतोच आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी वीतभर रुंदीची प्लास्टिकची डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला. आता आमच्या शार्लटमध्येच इतके कोर्स आहेत की शनिवार-रविवारी कुठे जायचं यावर घरात वाद होतात. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांत, फुकट. खर्च असतो तो डिस्कचा. चांगल्या प्लास्टिकची नवी डिस्क अठरा-वीस डॉलरला पडते आणि एक चुकीचा फेक झाला की ती तळ्यात जाते. २०२० मध्ये लोक घराबाहेरच्या खेळांकडे वळले, दुकानांत डिस्क मिळेनाशा झाल्या आणि वापरलेल्या डिस्कचा बाजार जोरात सुरू झाला. नवशिक्यांसाठी तो फार सोयीचा आहे, म्हणूनच तिथे होणाऱ्या लबाडीचा मला जास्त राग येतो.

आम्ही त्या माणसाकडून डिस्क मागवल्या. त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं: थोड्याच वापरलेल्या, गॅरेजमध्ये कोरड्या ठेवलेल्या, स्थिती दहापैकी नऊ, नाव-नंबरची शाई नाही. पांढऱ्या टॉवेलवर ओळीने मांडलेले फोटो, सगळे वरच्या बाजूचे. मी विचारलं, पाण्यातून काढलेल्या आहेत का? उत्तर आलं, 'अजिबात नाही.' हे संभाषण जपून ठेवलं होतं, त्याचा पुढे उपयोग झाला.

खोकं उघडलं तर सुगंधाचा भपकाराच आला. कपडे वाळवताना ड्रायरमध्ये टाकतात ते सुगंधी कागद प्रत्येक डिस्कच्या मध्ये घातलेले होते. नवऱ्याला वाटलं, माणूस किती नीटनेटका आहे. डिस्क चमकत होत्या, हाताला थोड्या बुळबुळीत लागत होत्या. त्या आठवड्यात पिशवी गाडीत उन्हात राहिली आणि खेळायला काढली तेव्हा सुगंध गेलेला होता. त्याच्या जागी बरेच महिने न उपसलेल्या टाकीचा वास होता. हाताला लागला तो साबणानेही लवकर जाईना.

मग मी डिस्क उलट्या करून बसले. कडेच्या आतल्या बाजूला, जिथे बोटं अडकवून आपण डिस्क धरतो, तिथल्या कोपऱ्यात दातकोरणी फिरवली. टोकावर करडा-हिरवा गाळ आला, वाळल्यावर त्याची भुकटी झाली. दोन प्लास्टिक जोडून केलेल्या डिस्कच्या सांध्यात तर तो भरूनच बसला होता. पारदर्शक असायला हवी ती डिस्क दुधाळ झाली होती. दिवा तिरका धरून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकीवर पुसलेल्या अक्षरांच्या खुणा दिसल्या. खेळाडू डिस्कच्या मागे नाव आणि फोन नंबर लिहितात, म्हणजे सापडली तर कोणी परत देईल. ती शाई ॲसिटोनने पुसता येते, पण बरेचदा पेनाची खूण उरते. एकीवर डावखुरं अक्षर, एकीवर लहान मुलाचं मोठ्ठं नाव. एकाच माणसाच्या गॅरेजमधल्या डिस्कवर इतकी वेगवेगळी अक्षरं कशी असतील?

एक नंबर पूर्ण वाचता आला. फोन लावला. त्या गृहस्थांनी डिस्कचा रंग मी सांगायच्या आधीच सांगितला. ती एका कोर्सवरच्या तळ्यात गेली होती. म्हणजे तळ्यात उतरून लोकांच्या डिस्क काढायच्या, नावं पुसायची, वास दाबायचा आणि 'कोरड्या ठेवलेल्या' म्हणून विकायच्या. तळ्यातून काढलेल्या डिस्क विकणारे प्रामाणिक लोकही आहेत. ते तसं स्पष्ट लिहितात, किंमत कमी ठेवतात आणि नाव असेल तर आधी मालकाला फोन करतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर वाचून मी थक्क झाले. म्हणे वास तुमच्या घरात लागला असेल, पण काळजी नको, माझ्याकडे खास स्प्रे आहे, बाटलीचे वेगळे पैसे पडतील. म्हणजे आधी वासाची डिस्क विकायची आणि मग वास घालवायचं औषध विकायचं. बाटलीवर लेबल नाही, आत काय आहे ते सांगायला तयार नाही. असलं काही घेऊ नका.

वासाबद्दल एवढ्या दिवसांत जे कळलं ते सांगते. तळाच्या गाळात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास असलेले वायू तयार करतात. शेवाळाचा वास वेगळा. पृष्ठभागावरचा वास जातो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ टूथब्रशने कडेचा कोपरा घासायचा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास बुडवायचं, धुवायचं, आणि कोरडी झाल्यावर खाण्याच्या सोड्याबरोबर पिशवीत बंद करून काही दिवस ठेवायचं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका, फेस येतो आणि दोन्ही वाया जातात. ब्लीच आणि व्हिनेगर तर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो, तो जिवावर बेतू शकतो. उकळतं पाणी आणि डिशवॉशरही नको, डिस्क वाकडी होते.

मात्र चांगल्या डिस्क बहुधा पॉलियुरेथेनच्या असतात आणि ते प्लास्टिक हळूहळू पाणी शोषतं. महिनोन् महिने गाळात पडलेल्या डिस्कचा वास आतपर्यंत मुरतो. आमच्या दोन डिस्क सगळं करूनही तशाच राहिल्या. वास सोडा, त्या उडायच्याही वेगळ्या. नवऱ्याची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, शेवटी डावीकडे वळायला हवी, ती उजवीकडे लोळत जायची.

पैसे मी खरेदीला संरक्षण असलेल्या पर्यायाने दिले होते. विकणाऱ्याने आधी 'मित्र-नातेवाईक' (ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या) पर्यायाने पाठवा, फी वाचेल, असं दोनदा सुचवलं होतं; त्या पर्यायात तक्रारच करता येत नाही. तक्रार केली, त्याचं 'अजिबात नाही' हे उत्तर आणि गाळाचे फोटो जोडले. नंबर वाचता आलेली डिस्क मी तिच्या मालकाला पाठवून दिली होती, त्यामुळे पूर्ण रकमेसाठी सगळा माल परत करणं शक्य नव्हतं. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली.

घेण्याआधी खालच्या बाजूचा, तिरक्या उजेडातला फोटो मागा. प्रत्यक्ष भेटून घेत असाल तर डिस्क बंद पिशवीत घालून थोडा वेळ उन्हात ठेवा आणि पिशवी उघडताच हुंगा; उष्णतेने दबलेला वास वर येतो. नव्या प्लास्टिकचा वास वेगळा असतो, तो काही दिवसांत आपोआप जातो, त्याला घाबरू नका.

परवा त्याच पांढऱ्या टॉवेलवरचे फोटो दुसऱ्या नावाने दिसले. नवऱ्याने स्वतःच्या खात्यावरून फक्त एकच मागणी केली: एका डिस्कच्या कडेचा आतून काढलेला फोटो पाठवा. उत्तर आलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत नवऱ्यालाच ब्लॉक केलेलं होतं.