तीन सर्व्हरांच्या क्लस्टरवर प्रॉमिथियस आणि ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी संगणक विभाग सांभाळतो. आमची ईआरपी, हजेरी आणि ड्रॉइंगची साठवण तीन सर्व्हरांच्या प्रॉक्समॉक्स (सर्व्हरांवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) क्लस्टरवर चालते. सेफ (Ceph) ही प्रणाली तिन्ही सर्व्हरांच्या डिस्क मिळून एक सामायिक साठवण करते; तिच्यासाठी दहा गिगाबिटचे फायबर आहे आणि सर्व्हर एकमेकांची हजेरी घेतात त्या कोरोसिंकसाठी एक गिगाबिटची वेगळी तांब्याची केबल आहे. दोन सर्व्हर ऑफिसच्या इमारतीत आहेत; तिसरा, आग किंवा पाणी एकाच जागी आले तर सगळे बुडू नये म्हणून, मुद्दाम ओतकामाच्या शॉपच्या पलीकडच्या खोलीत ठेवला आहे. या सगळ्या नेटवर्कच्या प्रकृतीवर नजर ठेवण्यासाठी गेल्या जूनमध्ये मी प्रॉमिथियस (ठराविक वेळाने आकडे गोळा करून साठवणारा), नोड एक्सपोर्टर (सर्व्हरचे स्वतःचे आकडे देणारा), ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर (बाहेरून तपासणी करणारा) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारा) ही मोफत साधने बसवली.

पहिली चूक माझीच होती. प्रॉमिथियस मी त्याच क्लस्टरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला. पावसाच्या पहिल्याच झडीत वीज गेली, ऑफिसमधला यूपीएस दमला, दोन सर्व्हर एकदम बंद पडले, सेफने लिहिणे थांबवले आणि त्याच साठवणीवर असलेला प्रॉमिथियसही जागच्या जागी गोठला. रोगी आणि वैद्य एकाच खाटेवर, अशी ती अवस्था होती. आता तो एका जुन्या डेस्कटॉपवर, स्वतंत्र यूपीएसवर चालतो.

मांडणी अशी आहे : प्रत्येक सर्व्हरवर ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर बसवला असून तो उरलेल्या दोघांना पिंग करतो, म्हणजे निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहतो. म्हणजे सहा दिशा झाल्या आणि दोन नेटवर्क धरून बारा. एकाच ठिकाणाहून सगळ्यांना पिंग करण्यापेक्षा हे काम जास्त आहे, पण नेमका कोणत्या दोघांमधला रस्ता बिघडला हे त्याशिवाय कळत नाही. नवख्याला एक गोष्ट हमखास चकवते. प्रॉमिथियसमधली ‘अप’ ही किंमत १ दिसते तेव्हा ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर स्वतः जिवंत आहे एवढाच तिचा अर्थ असतो. समोरचा सर्व्हर उत्तर देतो की नाही ते ‘प्रोब सक्सेस’ या वेगळ्या किमतीत पाहावे लागते. माझा पहिला इशारा ‘अप’वर बेतलेला होता, त्यामुळे केबल काढून पाहिली तरी तो वाजला नाही.

गणपतीच्या सुट्टीत बाहेरच्या माणसांकडून नेटवर्कचा स्विच बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी सगळे पिंग व्यवस्थित होते आणि सेफ मात्र रडतखडत चालत होते. कारण असे की, सर्व्हरांवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० होता आणि नव्या स्विचच्या एका पोर्टवर तो १५०० राहिला होता. साधा पिंग लहानसा असतो, तो कुठूनही निघून जातो. तेव्हापासून ब्लॅकबॉक्सच्या पिंगचा आकार ८९७२ बाइट ठेवला आहे, कारण त्यात आठ बाइटचे आयसीएमपी हेडर आणि वीस बाइटचे आयपी हेडर मिळवले की बरोबर ९००० होतात. सोबत पॅकेटचे तुकडे न करण्याची अटही घातली आहे. एवढी एक ओळ आधी लिहिली असती तर तो दिवस वाचला असता.

या आठ महिन्यांत माझे मत सर्वांत जास्त बदलले ते पिंगबद्दल. प्रॉमिथियस दर १५ सेकंदांनी विचारपूस करतो. कोरोसिंक ३.१ पासून टोकनची, म्हणजे हजेरीची वाट पाहण्याची, मूळ मुदत ३ सेकंद आहे आणि तीन सर्व्हरांसाठी ती ३.६५ सेकंद होते. चार सेकंदांची खोट कोरोसिंकला सर्व्हर गेला असे मानायला पुरेशी असते, पण ती दोन विचारपुशींच्या मधे पडली तर आलेखावर तिचा मागमूसही राहत नाही. काउंटरचे, म्हणजे वाढतच जाणाऱ्या मोजणीचे, तसे नसते. मधल्या काळात जे घडले ते त्याच्या आकड्यात जमा होऊन राहते. म्हणून कोरोसिंकच्या आकडेवारीतला प्रत्येक दुवा किती वेळा पडला ते सांगणारा ‘डाउन काउंट’ दर मिनिटाला फाइलमध्ये लिहिणारी एक छोटी स्क्रिप्ट केली आणि ती फाइल नोड एक्सपोर्टरला वाचायला दिली.

दिवाळीनंतर तिसऱ्या सर्व्हरचा हा काउंटर चढू लागला. वापरणाऱ्या कोणाचीही तक्रार नव्हती, कारण तांब्याचा दुवा पडला की कोरोसिंक फायबरवरच्या दुसऱ्या दुव्यावर जात होते. नोड एक्सपोर्टरमधला इथटूलचा संग्राहक (नेटवर्क कार्डाचे आकडे गोळा करणारा भाग) मुळात बंद असतो. तो चालू केल्यावर त्या केबलवर सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढताना दिसल्या, आणि त्याही सलग नव्हे, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. चढ, मग सपाट, पुन्हा चढ. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक पडला नाही. शेवटी तो आलेख छापून भट्टीवरच्या मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, ह्या तर आमच्या हीट हाईत की!” हीट म्हणजे भट्टीत धातू वितळवण्याची एक खेप. त्यांच्या रजिस्टरातल्या प्रत्येक हीटची वेळ त्या पायऱ्यांशी जुळत होती. इंडक्शन भट्टीच्या पॅनलकडे जाणारी पॉवर केबल आणि आमची शील्ड नसलेली नेटवर्क केबल एकाच ट्रेमधून गेल्या होत्या. तेवढा टप्पा फायबरवर घेतल्यापासून काउंटर जागचा हललेला नाही.

इशाऱ्यांबाबत थोडक्यात : सुरुवातीला वीज लुकलुकली की मोबाइलवर चाळीस निरोप यायचे आणि मी ते न वाचताच पुसायचो. प्रॉमिथियसचे इशारे पुढे पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये गट पाडून, ‘स्विच बंद असेल तर त्यामागचे सगळे गप्प’ असा नियम घातल्यावर आवरले. विदा जपण्याची मूळ मुदत १५ दिवसांची असते, ती ९० दिवस केली; जुन्या डिस्कला त्याचा काही भार झाला नाही. प्रॉमिथियसमधले आकडे काढण्याची प्रॉमक्यूएल ही भाषा मात्र अजूनही मला पाहून पाहूनच लिहावी लागते.

स्विचच्या स्वतःच्या पोर्टांचे काउंटर अजून या व्यवस्थेत आलेले नाहीत. स्विचकडून आकडे घेणाऱ्या एसएनएमपी एक्सपोर्टरसाठी लागणारी फाइल जनरेटरने तयार करण्याचे काम किचकट आहे. दोनदा हाती घेतले आणि दोनदा सोडले. या महिनाअखेरीला शॉप देखभालीसाठी बंद राहणार आहे, तेव्हा तिसऱ्यांदा बसणार आहे.